मालगाडीला वाट द्यायची, की आधी आमच्या मेमूला?

पनवेलचा पंत (धागाकर्ता)

परवा रात्री करळ फाट्याजवळ साडेतीन तास अडकलो. क्लिअरिंगच्या (बंदरातला माल कस्टममधून सोडवून द्यायच्या) धंद्यात असल्यामुळे न्हावा शेवा बंदरात रोजचं जाणं-येणं आहे, त्यामुळे कोंडी नवी नाही. पण ही जरा जास्तच होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. शेजारच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरनं खाली उतरून चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला, भात लावला. भात झाला, खाऊन झाला, पातेलं घासूनही झालं. रांग तिथेच.

तेवढ्यात पलीकडून मालगाडी गेली. वाघिणी (मालगाडीचे डबे) मोजायची मला लहानपणापासूनची खोड. पंचेचाळीस. प्रत्येकीवर वीस फुटी दोन बॉक्स (कंटेनर), नाहीतर चाळीस फुटी एक. म्हणजे आमच्या अख्ख्या रांगेएवढा माल दीड मिनिटात डोळ्यांसमोरून निघून गेला.

आता थोडं गणित. भरलेला ट्रेलर लिटरला साडेतीन किलोमीटर दिला तर खूप. दिल्ली चौदाशे किलोमीटर धरा. एका खेपेला चारशे लिटर डिझेल, पंचेचाळीस ट्रेलरना अठरा हजार लिटर. मालगाडी मात्र वरच्या तारेवर चालते. असं असूनही आमच्या बंदरात (२०२४-२५ मध्ये जवळपास ७३ लाख वीस फुटी बॉक्सची उलाढाल) साधारण सहा बॉक्समागे एकच रेल्वेनं जातो. देशाचंही तेच. १९५०-५१ मध्ये मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांच्या वर होता, आता तो पावहिश्श्याच्या जरासा वर उरलाय. २०३० पर्यंत ४५ टक्के करायचं सरकारनं ठरवलंय, पण ते होणार कसं? दादरीपासून आलेल्या १,५०६ किलोमीटरच्या मालवाहतूक कॉरिडॉरमध्ये (फक्त मालगाड्यांच्या वेगळ्या मार्गात) सगळ्यात मागे राहिला तो शेवटचा वैतरणा ते जेएनपीटी (म्हणजे न्हावा शेवा) हा १०२ किलोमीटरचा तुकडा. म्हणजे आपलाच.

माझं मत स्पष्ट आहे. मुंबईच्या आसपास मालगाडीला आधी वाट द्या. लोकल किंवा मेमू (जवळच्या पल्ल्याची प्रवासी गाडी) पाच मिनिटं थांबली म्हणून आभाळ कोसळत नाही.

दिव्याचा प्रवासी

पंत, तुम्ही एक रात्र अडकलात आणि धागा काढलात. आम्ही रोज धागे काढायचे का मग?

दिवा-वसई मार्गावर कधी बसलायत? दिवसाला मोजक्या मेमू. एक चुकली की पुढचीसाठी तास-दोन तास फलाटावर. भिवंडी रोडला संध्याकाळी गोदामं सुटतात, बायका डबे-पिशव्या घेऊन फलाटभर उभ्या असतात आणि समोरून तुमच्या पंचेचाळीस वाघिणी ऐटीत निघून जातात. कधीकधी एकीमागे दुसरी. मग आमच्या मेमूला सिग्नल. ती पाच मिनिटं नसतात हो. घरी पोचून कुकर लावायला त्या बाईला साडेनऊ होतात.

बॉक्सला भूक लागत नाही. त्याला थांबवा.

बारा चाकी

+१. आणि ज्या ट्रेलरवाल्याच्या भाताबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याच्या पोटावर पाय देऊ नका म्हणजे झालं.

घरात दोन गाड्या आहेत, एक अजून फायनान्सवर. रेल्वे स्वस्त, रेल्वे स्वस्त म्हणतात, पण रूळ कारखान्याच्या दारात येतात का? कारखान्यातून माल आमच्या गाडीत चढतो, यार्डात उतरतो, रेकवर (वाघिणींच्या अख्ख्या गाडीवर) चढतो, पलीकडच्या यार्डात उतरतो, पुन्हा कुणाच्यातरी गाडीत चढतो. दर वेळी क्रेन, हमाली, वेळ. रेक वेळेत रिकामा नाही झाला की दंड वेगळा. शिवाय प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवायचं आणि तूट मालाच्या भाड्यातून भरायची, हे रेल्वेचं जुनं दुखणं आहे. (दिवेकर, तुमचं तिकीट आमचा गिऱ्हाईक भरतो बरं का!) पार्टीला आज रात्री माल भरून परवा सकाळी दारात हवा असतो. तिथे रेल्वे उभी राहू शकत नाही.

आता याच तोंडानं एक कबुली. कोकण रेल्वेची रो-रो मी वापरलीये. कोलाड ते वेर्णा, १९९९ पासून चालू आहे. ट्रक सपाट वाघिणीवर चढवायचा, चाकांना साखळ्या, आपण आपल्या केबिनमध्ये. इंजिन बंद आणि गाडी चालतेय! पहिल्या खेपेला माझा पाय सारखा ब्रेककडे जायचा. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा काचा वर करून नुसता बसून राहिलो. गोवा हायवेच्या खड्ड्यांत स्प्रिंगचा एक पाटा तुटला तर काय खर्च येतो ते गाडीमालकाला विचारा. टायर वाचले, डिझेल वाचलं, झोप मिळाली. अशी रेल्वे द्या, मी पहिला रांगेत.

गणितवाली

पंतांचं गणित अर्धं आहे. एक बाजू डिझेलमध्ये मोजलीत आणि दुसरीला "तारेवर चालते" म्हणून सोडून दिलंत. ती वीज बरीचशी कोळशाचीच. आणि गंमत म्हणजे मालगाड्यांवरचा जवळपास निम्मा माल कोळसाच असतो. परतीच्या रिकाम्या वाघिणीही मोजा.

तरीसुद्धा पंत जिंकतात. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला घर्षण इतकं कमी की तोच टन तेवढ्याच अंतरावर न्यायला ट्रकच्या काही अंशानंच ऊर्जा लागते. मुंबईची अडचण घाटाची. बोर घाट आणि थळ घाट, दोन्हीकडे ३७ मीटर गेलं की एक मीटर चढ. म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. उतारावर मात्र नवी इंजिनं ब्रेक लावताना वीज तारेत परत टाकतात. ट्रक खंडाळा उतरताना काय परत देतो? ब्रेक लायनरची पूड.

पण अंतर बघा. दोनशे-तीनशे किलोमीटरला दोन्ही टोकांची चढउतारच सगळी बचत खाऊन टाकते. मुंबई-दिल्ली रेल्वेनं, नाशिक-वाशी ट्रकनं. यात भांडण्यासारखं काय आहे?

निफाडकर

नाशिक-वाशी ट्रकनं, मान्य ताई. रात्री गाडी भरली की पहाटे वाशीच्या गाळ्यावर. पण आमचा कांदा काय फक्त वाशीलाच जातो का? कोलकात्याला जातो, गुवाहाटीला जातो. लासलगाव, खेरवाडीहून कांद्याचे रेक लागतात, लहानपणापासून बघतोय. प्रश्न असा की रेक भरतो कोण? बेचाळीस वॅगनचा रेक एकदम बुक करायची ऐपत व्यापाऱ्याची. माझ्याकडे पिकअपभर माल. वाहतुकीत वाचलेला पैसा माझ्या सातबाऱ्यापर्यंत येतच नाही, तो वाटेतच जिरतो. "प्रादेशिक अर्थव्यवस्थेला फायदा" म्हणतात ना, त्यातला प्रदेश नेमका कोण, ते एकदा सांगा.

अपवाद एकच बघितला. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. तिला रेक भरायची अट नव्हती. माझ्या चुलतभावानं चाळीस क्रेट डाळिंब पाठवलं, अगदी चाळीस! भाड्यात निम्मी सूट होती. बिहारच्या बाजारात आपलं डाळिंब गेलं म्हणून पावतीचा फोटो त्यानं गावच्या ग्रुपवर टाकला होता. मग अनुदान आटलं आणि गाडीही आटली.

आणि माल ठेवायला जागा? एका मालधक्क्यावर पावसात आमच्या गोण्या उघड्यावर राहिल्या. ताडपत्री होती, तिला खिडक्या होत्या. दीडशे गोण्यांना मोड आले. दाद कुणाकडे मागायची? निफाडच्या ड्रायपोर्टच्या (समुद्रापासून दूर, बंदराची कामं करणाऱ्या केंद्राच्या) बातम्या तर आम्ही पंचांगासारख्या वर्षाच्या वर्षाला वाचतो.

कॉटनग्रीन

निफाडकर, तुमचा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. मी राहतो त्या स्टेशनचं नावच कापसावरून. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती आपण शाळेत पाठ करतो, पण कंपनीच्या भागधारकांचे डोळे वऱ्हाडच्या कापसावर होते. १८६३ ला बोर घाट फुटला, १८६५ ला थळ. पुढे जलंबहून खामगावला फाटा काढला तोही कापसासाठीच. गाठी खाली आल्या, मँचेस्टरचं कापड वर गेलं. मुंबईत गिरण्या आणि हवेल्या उभ्या राहिल्या. खामगावच्या शेतकऱ्याकडे काय राहिलं?

म्हणून रूळ टाकले की भरभराट आपोआप येते, यावर माझा विश्वास नाही. गाडी भरून काय जातंय आणि परत येताना काय येतंय, ते बघावं लागतं.

उरणची पोर

सगळे बोलले, बंदर ज्यांच्या जमिनीवर उभं आहे ते सोडून.

आमच्याकडे जमिनीच्या भावावरून १९८४ मध्ये गोळीबार झाला, पाच जण गेले. १९८९ ला बंदर सुरू झालं. मालगाड्या तेव्हापासून आमच्या गावांच्या कडेनं जातायत. माणसांची लोकल उरणला कधी आली? जानेवारी २०२४ मध्ये. बॉक्स आमच्या आधी मुंबईला पोचला. त्यामुळे पंतकाका, "मालगाडीला आधी वाट द्या" हे आम्हाला नका सांगू. दिलीच होती.

पर्यावरणाचं बोलायचं तर खारफुटीही पर्यावरणच आहे. खाडीत भराव टाकला की भरतीचं पाणी अडतं, मग कोळंबी कमी, निवटे कमी. हे माझ्या आजीला कुठल्याही अहवालाशिवाय कळतं. हायकोर्टानं २०१८ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातली म्हणून प्रत्येक प्रकल्पाला निदान कोर्टाची पायरी तरी चढावी लागते. तिकडे डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर येतंय, कॉरिडॉर तिथून जवळ म्हणून कौतुक चाललंय. तिथल्या मच्छीमारांना विचारा.

पण खरं सांगू? ट्रेलर कमी झाले तर मीही पेढे वाटेन. आमच्याकडची खाडी रुळांपेक्षा ट्रेलरच्या पार्किंगनं आणि कंटेनर यार्डांनी जास्त खाल्लीये. स्कूटीवरून कॉलेजला जाताना दोन ट्रेलरच्या मधून निघायचं, तेव्हा आई फोन हातात धरून बसायची.

पनवेलचा पंत

बराच मार खाल्ला. हक्काचा होता.

दिवेकर, "पाच मिनिटं" हे शब्द मागे घेतो. पण तुम्ही आणि मी खरं तर एकाच बाजूला आहोत. त्या १०२ किलोमीटरच्या तुकड्याचे रूळ वेगळे आहेत. आज तुमच्या मेमूच्या मार्गावर जो माल चालतो तो त्यावर गेला की जुनी लाईन तुमच्यासाठी सुटते. तारा उंच असल्यामुळे बॉक्सवर बॉक्स, म्हणजे एका गाडीत दुप्पट माल. कॉरिडॉर लवकर हवा अशी मागणी माझ्याआधी तुम्ही करायला हवी!

निफाडकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून दोन दिवस गप्प होतो. माझ्या धंद्यात बॉक्स हेच माप. चाळीस क्रेट आमच्या हिशोबात बसतच नाहीत. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये भिवंडी रोडहून पार्सल गाड्या सुटल्याच की. तिथे कुणी अख्खा रेक मागत नव्हतं, बोजे घेत होते. तेच खेरवाडीला का नको? छप्पर, वजनकाटा, आठवड्यातले ठरलेले दोन वार. सूट नसली तरी वार ठरलेला असला तर माणूस माल तोडायचं नियोजन करतो.

निफाडकर

वार ठरलेला असला तर मी सूटसुद्धा मागणार नाही. छप्पर मात्र पत्र्याचं पाहिजे. ताडपत्री नको.

बारा चाकी

आणि शेतातून खेरवाडीपर्यंत कोण आणणार? बोला, बोला. गाडी तयार आहे.

दिव्याचा प्रवासी

पंत, लाईन "सुटते" म्हणालात. सुटलेल्या लाईनवर मेमू वाढवतील, की मोकळी दिसली म्हणून आणखी मालगाड्या घालतील? उरणच्या पोरीनं लिहिलंय ते वाचून माझी खात्री होत नाही. वेळापत्रकात छापून आलं की पेढे मीच आणतो.

आत्ता खारबावच्या अलीकडे उभे आहोत, वीस मिनिटं झाली. शेजारून मालगाडी चाललीये. म्हटलं बघूया तरी. चाळिशीपर्यंत बरोबर होतो, पुढे शेजारच्या मुलीनं "काय मोजताय?" विचारलं आणि चुकलो.