दिवसा टॅली, रात्री व्हॅलोरंट : ऑफिसच्या पीसीला वेगळं ग्राफिक कार्ड हवंच का?

कॅनडाकॉर्नरकर (धागाकर्ता)
माझं छोटं करसल्लागार ऑफिस आहे. नवा पीसी घ्यायचाय, मॉनिटर सोडून बजेट ३५ हजार. दिवसभर टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टलच्या टॅबची रांग. सातनंतर बारावीतला मुलगा त्याच खुर्चीत तासभर व्हॅलोरंट नाहीतर जीटीए फाइव्ह खेळतो. एमजी रोडला दोन दुकानांत विचारलं, दोघांनी एकच गणित मांडलं : इंटेलचा आय३-१२१००एफ प्रोसेसर घ्या, वाचलेल्या पैशांत जुनं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड बसवून देतो.

ऑफिससाठी हे मला साफ चुकीचं वाटतं. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्यावा, त्याच्यातल्या वेगा ७ ग्राफिक्सवर काम भागवावं आणि कार्डाचे पैसे रॅम नि एसएसडीत घालावेत.

हे अनुभवाने बोलतोय. आत्ताच्या पीसीतही 'एफ'वालाच प्रोसेसर आहे, म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. गेल्या वर्षी २० तारखेला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच कार्ड गेलं. मदरबोर्डला एचडीएमआय पोर्ट दिसतोय म्हणून केबल तिथे लावली, तरी स्क्रीन काळीच. पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागलाय, आत डेटा शाबूत आहे आणि मला काहीच दिसत नाही. शेवटी डिस्क काढून शेजारच्या ऑफिसात नेली आणि सात क्लायंटची रिटर्न्स तिथे बसून भरली. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतं तर केबल बदलून पाच मिनिटांत कामाला लागलो असतो.

सातपूरकर
तुमचा त्या दिवशीचा जीव कसा झाला असेल ते कळतं. पण त्यावरून ५६००जीच घ्या हे पटत नाही. त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी, साध्या ५६०० ची ३२. शिवाय कार्ड ज्या मार्गाने जोडतात त्या पीसीआयच्या जुन्या ३.० आवृत्तीवरच ५६००जी थांबतो. म्हणजे 'आत्ता असंच चालवू, पुढे कार्ड लावू' म्हणणाऱ्याचा पुढे तोटाच. आरएक्स ६४०० सारख्या, या मार्गाच्या चारच लेन वापरणाऱ्या कार्डाला तर तिथे चांगलाच फटका बसतो.

मूळ अडचण मेमरीची आहे. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) लावल्या तरी सेकंदाला ५१.२ जीबी मिळतात, त्याही प्रोसेसर आणि ग्राफिक्सने वाटून घ्यायच्या. जीडीडीआर५ मेमरीवालं जीटीएक्स १६५० कार्ड घ्या, त्याला स्वतःची ४ जीबी मेमरी आणि १२८ जीबीचा वेग आहे. बहुतेक मॉडेलं ७५ वॅटमध्ये स्लॉटवरच चालतात, वेगळी वायर लागत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे दोन स्टिकचं गणित पूर्वीसारखं स्वस्त राहिलं नाही.

५८० बद्दल मात्र तुमच्याशी सहमत. १८५ वॅटचं कार्ड, आधी कुठे आणि किती राबलंय देव जाणे. २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून चलन कमावणं) बंद झालं तेव्हा अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. ते ऑफिसात नकोच.

पंचवटीचा दुरुस्तीवाला
रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, वेगा ७ ला नावं ठेवणाऱ्या दहांपैकी निम्म्यांच्या मशीनमध्ये रॅमची एकच स्टिक असते. एका स्टिकवर वेग निम्मा, २५.६ जीबी. मग ग्राफिक्स करणार काय?

मागच्या महिन्यात सिडकोतून एक ५६००जी आला. तक्रार : व्हॅलोरंटमध्ये कोणी धूर टाकला की चित्र अडकतं. झाकण काढलं, तर ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, पण चार स्लॉटच्या बोर्डावर पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी. दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर! दुसऱ्यातली तशीच ठेवली, पहिल्यातली काढून चौथ्यात बसवली. टास्क मॅनेजरमध्ये वेग २६६६ दिसत होता, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचं वेगाचं प्रोफाइल चालू करून ३२०० केला. नवीन काहीही न घेता धुरातलं अडकणं थांबलं.

बायोसमध्ये ग्राफिक्सला २ जीबी राखून ठेवतात हेही लक्षात घ्या. म्हणून ८ जीबीत हा खेळ बसत नाही, १६ च हवी. नव्या जड गेमची अपेक्षा मात्र यावर ठेवू नका.

गंगापूर रोड
तुम्ही सगळे गेमच्या फ्रेम मोजताय. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड हे खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर येतं, त्याचा ड्रायव्हर विंडोज चालू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो. विंडोज ११ वर तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षा सोयी चालू असल्याशिवाय गेम सुरूच होत नाही. ते मुद्दाम काही वाईट करतं असं मी म्हणत नाही. पण ज्या मशीनवर लोकांचे पॅन, आधार, डिजिटल सह्या आहेत, तिथे इतक्या खोलवर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर कशाला? क्लायंट कागद देतो तो तुमच्यावरच्या विश्वासाने. ऑफिसला साधा आय३-१२१०० घ्या, एफ नसलेला. त्याच्यातल्या यूएचडी ७३० ग्राफिक्सवर टॅली उत्तम चालते. मुलाचं वेगळं बघा.

कॅनडाकॉर्नरकर
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मनापासून आभार. वेगळा पीसी परवडणार नाही, हे खरं सांगतो. पण दुसरी छोटी एसएसडी घालून तिच्यावर मुलाचं वेगळं विंडोज ठेवलं, आणि ऑफिसच्या डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, लावलं तर?

गंगापूर रोड
बरंच बरं. मुलाला ऑफिसच्या डिस्कचा पासवर्ड माहीत नसावा, आणि बिटलॉकरची रिकव्हरी की छापून घरी ठेवा, त्याच पीसीत नको. तरी माझं मत बदललेलं नाही. क्लायंटचं मशीन क्लायंटचंच राहावं.

कॅनडाकॉर्नरकर
मग ५६००जी, ८ जीबीच्या दोन स्टिक आणि दोन एसएसडी असं ठरवतोय. सातपूरकर, पुढच्या कार्डाचं तुमचं म्हणणं खरं असेल, पण २० तारखेला स्क्रीन दिसणं मला जास्त मोलाचं आहे.

सातपूरकर
घ्या मग, पण एक ऐका. एएमडीने २०२३ च्या शेवटी पोलॅरिस (५८० ची पिढी) आणि वेगाचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, तिथे अपडेट कमीच येतात. वर्षभरात एखादा नवा गेम रुसला की मुलगा कार्ड मागणारच. म्हणून पॉवर सप्लाय आत्ताच नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा घ्या, कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो नको. आणि बिलावर प्रोसेसरचं नाव पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या 'जी'सकट.