घरचेच टेक ठेवू का बँडसोबत पुन्हा गाऊ?

वऱ्हाडीगिटार: राजेहो, वऱ्हाडी गाण्यांचा फोक रॉक अल्बम करून राहिलो. गिटार अन आवाज घरीच रेकॉर्ड केला, क्लिक (कानात वाजणारा तालाचा ठोका) न लावता, क्लिक लावला का गाणं मरगळते. आता मित्र म्हणतात सगळं एकसुरी वाटते, स्टुडिओत ड्रम बास घेऊन पुन्हा गा. मले ते टेक सोडवत नाहीत. खंजिरी पाहिजेच, तुकडोजी महाराजांची भजनं ऐकतच मोठा झालो. काय करू?

महालवाला: भाऊ, अमेरिकन गायक बॉब डिलनच्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' अल्बमचं पाहा. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला अल्बम झाला होता, बहुतेक गाणी गिटार अन बासवरच, कव्हरंही छापली होती. मग भावाचं ऐकून डिसेंबरमध्ये मिनिआपोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत तिथले वादक घेऊन १० पैकी ५ गाणी पुन्हा केली. अल्बमचं पहिलं गाणं केविन ओडेगार्ड या गिटारवाल्यानं सुचवलं म्हणून जी पट्टीवरून वरच्या ए पट्टीत नेलं, तेवढ्यानंच आवाजाला काय धार आली! अन कव्हर आधीच छापलेलं म्हणून त्या बिचाऱ्यांची नावंच नाही आली, याचं मले अजून वाईट वाटते. पण पाहा, पाचच बदलली. जे गाणं एकट्या गिटारवर उभं राहते त्याले हात लावू नको.

रामदासपेठ_रात्र: मला तर त्यातल्या 'इडियट विंड' गाण्याचा न्यूयॉर्कवाला टेकच जास्त भिडतो, २०१८ च्या बॉक्ससेटमध्ये आहे. मिनिआपोलिसला राग आहे, इथे तोच माणूस आतून तुटलेला ऐकू येतो. एकसुरी म्हणणाऱ्यांना घाबरू नका.

माईकवाला: क्लिक नसलेल्या टेकवर मागून ड्रम बसवणं फार जिवावर येतं, तुमची लय श्वासासोबत हलते आणि ड्रमर चाचपडत राहतो. जी गाणी बदलायची ती सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांचे चेहरे दिसतील असं बसून वाजवा. खंजिरी मात्र लांबच्या कोपऱ्यात, तिच्या चकत्यांचा छन् गाण्याच्या माईकमध्ये शिरला की मिक्सिंगला निघत नाही. आणि कूलर नको. आवाजाचं तर आहेच, पण त्याच्या ओलाव्यानं खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि थापेचा आवाज बसतो. एसीच्या कोरड्या हवेत तेच ताणलं जातं, त्यामुळे एका गाण्याची खंजिरी एकाच खोलीत, एकाच बैठकीत संपवा.

वऱ्हाडीगिटार: कूलरचं डोक्यातच नव्हतं आलं! मग पोळ्याचं अन पेरणीचं गाणं बँडसोबत करतो, आईवरचं घरचंच ठेवतो. माईकवाला भाऊ, खंजिरीला डायनॅमिक माईक लावू का कंडेन्सर माईक?

माईकवाला: डायनॅमिक. कंडेन्सरवर चकत्या फार टोचतात.