‘डिस्फोरिक’ला मराठीत काय म्हणावं? बिबड्यांच्या पाकिटासाठी विचारतेय

जळगावहून प्रश्न
आमच्या गल्लीतल्या बायकांनी यंदा एप्रिलात ज्वारीचे बिबडे (उन्हात वाळवलेले पापड) करून विकायचं ठरवलंय. नफा पीएमडीडीच्या (पाळीआधी मन पार खचवणाऱ्या आजाराच्या) कामाला: रोजच्या नोंदीच्या वह्या छापायच्या आणि तपासणीला जाणाऱ्या मुलींना बसभाडं द्यायचं. एप्रिल हा या आजाराच्या जागृतीचा महिना, आणि आपल्याकडे तेव्हा ऊन असं की सकाळी खाटेवर थापलेले बिबडे संध्याकाळी खडखडीत. बरं जमलं.

अडलंय ते नावाशी. पीएमडीडी म्हणजे ‘प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर’. त्याचं ‘मासिकपाळीपूर्व अवसादजन्य विकार’ असं कुणी करून दिलं. जाऊबाईंनी ते दोनदा वाचलं नि म्हणाल्या, “बिबड्यांत घातलंय तरी काय?” मग नुसतं ‘पाळीच्या त्रासासाठी मदत’ लिहिलं. तर शेजारच्या काकांनी शंभराची नोट पुढे करून विचारलं, “पॅड वाटणार का?” चूक त्यांची नाही, शब्दाची आहे.

‘पाळीआधीची चिडचिड’ चालेल का?

भुसावळ (मी नर्स आहे)
ताई, चिडचिड नको. पाळीआधी थोडी चिडचिड, पोट फुगणं, छाती दुखणं पुष्कळ जणींना होतं, त्याला पीएमएस म्हणतात. पीएमडीडी मात्र शंभरात साधारण तीन ते आठ जणींना. यात मन पार खचतं, कशातच जीव लागत नाही, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. आणि पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत ओसरतं. हार्मोनचे आकडे बहुधा ठीकच येतात. नेहमीच्याच चढउतारांचा मेंदूला जास्त त्रास होतो. म्हणून तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणून बाई घरी परत येते. या आजाराचं निदान दोन पाळ्यांच्या रोजच्या नोंदीवरून होतं, तुमच्या वह्या त्यासाठी कामाच्या. नैराश्यावरच्या काही गोळ्या यात लवकर लागू पडतात, काहींना तर फक्त पाळीआधीचे दिवस दिल्या तरी पुरतं.

‘विकार’ की ‘आजार’ हा वाद मोठ्यांतही आहे. अमेरिकेच्या डीएसएम-५ ने (मनोविकारांच्या यादीने) २०१३ साली याला नैराश्याच्या विकारांत घातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, याची मूळ जागा स्त्रीरोगांत आहे. मी आपली ‘आजार’च म्हणते. ‘मनोविकार’ वाचलं की सासू मुलगी परत पाठवते.

धुळे
शब्दाच्या मुळाकडे या. ग्रीक ‘डिस’ म्हणजे आपलं ‘दुस्’, आणि ‘फेरेइन’ म्हणजे वाहणं, सोसणं. संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचा तो भाऊच. म्हणजे ‘डिस्फोरिक’ला सख्खा शब्द ‘दुर्भर’. वाहायला कठीण! ‘अवसाद’ हिंदीतून आलेला, आणि ‘नैराश्य’ म्हटलं की बाई महिनाभर निराश असते असं वाटतं.

चोपडा
सर, मुळं छान आहेत, पण बाजारात ‘दुर्भर’ कुणाला कळणार? पोट भरत नाही असा अर्थ घेतील. खाण्याच्या पाकिटावर तर नक्कीच!

मला वेगळंच वाटलं. पाळीच्या चार दिवसांना आपल्याकडे किती शब्द: बाहेरची, अडचण, दूर बसली, कावळा शिवला. त्याआधीच्या आठवड्याला एकही नाही. आजी त्या दिवसांत कुणी भांडलं की एवढंच म्हणायची, “तिनं डोकं फिरेल शे.” शिवाशिव होती ती चार दिवसांची, म्हणून शब्द झाले ते त्यांनाच. आधीच्या दिवसांत बाई भाकरी थापतच होती, मग नाव कोण कशाला ठेवील?

नंदुरबार
मला हा आजार आहे. निदानाला सहा वर्षं लागली. एका डॉक्टरांनी ‘लग्न झालं की बरं होईल’ असं सांगितलं होतं. लग्न झालं, बरं झालं नाही.

आमच्या घरात शब्द आहे, सांगते. ‘आठवडा’. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नवरा पेन्सिलीने गोल करतो आणि सासूबाईंना सांगतो, “आई, तिचा आठवडा लागला.” मग त्या दिवसांत मोठे निर्णय नाहीत, पाहुणे नाहीत, आणि मी काही वेडंवाकडं बोलले तर कुणी धरून बसत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी भाजीत मीठ विसरते, तेही ठरलेलं. नेहमी आठच दिवस असतात असं नाही, कधी बारा होतात. तरी ‘आठवडा’च. ‘लागला’ हे क्रियापद घरच्यांचंच, ग्रहण लागतं तसं. ग्रहण सुटतं म्हणून मला ते आवडतं.

जळगावहून, पुन्हा
नंदुरबारच्या ताई, तुमच्या परवानगीने घेते. काल जाऊबाईंना दाखवलं: मोठ्या अक्षरांत ‘पाळीआधीचा जड आठवडा’, खाली बारीक ‘पीएमडीडी या आजारासाठी’. सर, ‘दुर्भर’चा ‘जड’ केला, रागावू नका. वाहायला कठीण तेच जड. त्याखाली मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मदतीचा नंबर. जाऊबाई वाचून गप्प बसल्या. थोड्या वेळाने चीक ढवळता ढवळता विचारलं, “पाळी आली की खरंच थांबतं?” त्यांच्या थोरलीचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

पावतीवर ‘देणगी’ की ‘वर्गणी’ हेही ठरलं: वर्गणी. देणगी मोठ्या माणसांची असते, वीस रुपये देणाऱ्याला तो शब्द लाजवतो.

आता एकच. ‘पाळीआधीचा’ जोडून लिहायचा की ‘पाळी आधीचा’ तोडून? छापखान्यात उद्या अकराला जायचंय.

धुळे
जोडून. शब्दयोगी अव्यय आहे. ‘जड’ मान्य.