टेल सॅम्पलिंग: काफ्काच्या कन्झ्युमरचे ट्रेस हरवतात, मदत हवी आहे
ओपनटेलिमेट्री कलेक्टरचे (ट्रेस, म्हणजे एका रिक्वेस्टच्या पूर्ण प्रवासाची नोंद, गोळा करणारा प्रोग्रॅम) दोन थर आहेत. पुढचा थर ट्रेस आयडीनुसार वाटणी करतो, मागच्या थराच्या ३ प्रतींवर टेल सॅम्पलिंग (ट्रेसचे स्पॅन, म्हणजे त्यातल्या एकेका कामाच्या नोंदी, जमेपर्यंत थांबून मग ट्रेस ठेवायचा की टाकायचा ते ठरवणं) चालते. एचटीटीपी कॉल्सचे ट्रेस पूर्ण येतात. घोळ काफ्काचा (सर्व्हिसेसमधली मेसेजची रांग) आहे. कन्झ्युमर (मेसेज वाचणारी सर्व्हिस) मागे पडला की त्याचे स्पॅन ४०-५० सेकंदांनी येतात, डिसिजन वेट (निर्णयाआधी थांबायची वेळ) मात्र ३० सेकंद. एरर असते नेमकी कन्झ्युमरमध्ये, आणि ट्रेस तोवर टाकून दिलेला!

वेट ९० केला, तर सेकंदाला एकूण २,००० नवे ट्रेस धरून प्रत्येक प्रतीत सुमारे ६०,००० ट्रेस मेमरीत राहतील. नम-ट्रेसेसची (एका प्रतीने मेमरीत किती ट्रेस धरायचे ती सेटिंग) मर्यादा ५०,००० आहे. ती ओलांडली की जुने गळतात.

मर्यादा आणि मेमरी वाढवावी, की कन्झ्युमरला वेगळा ट्रेस देऊन स्पॅन लिंकने (एका स्पॅनमधून दुसऱ्या ट्रेसकडे बोट दाखवणारा दुवा) जोडावं? पण प्रोड्यूसरचा (मेसेज पाठवणारी सर्व्हिस) ट्रेस सॅम्पलिंगमध्ये गळाला, तर ती लिंक कुठे नेणार? लिंकचा मार्ग प्रॉडक्शनमध्ये कोणी चालवलाय का?