प्रमोटरवर वचक कोणाचा: बाजारभावाचा की मताचा?

सीताबर्डीकर
नागपुरातल्या बऱ्याच गुंतवणूकदारांचा सल्ला ठरलेला: प्रमोटर (कंपनीवर ताबा असलेला मूळ प्रवर्तक) खटकला की शेअर विका, भागधारक म्हणून ठरावावर मत देऊन काय होतं? मला हे पटत नाही. समजा प्रमोटरचा लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत हिस्सा १५ टक्के आणि घरच्या खासगी कंपनीत ७५ टक्के. लिस्टेड कंपनीनं खासगीकडून माल घेताना १०० रुपये जास्त मोजले, तर कर बाजूला ठेवून त्याचे इकडे १५ जातात, तिकडे ७५ येतात. ६० रुपये निव्वळ फायदा. बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लैनाथन यांनी २००२ साली भारतीय उद्योगसमूहांवर हेच तपासलं. क्षेत्राला तेजी आली की प्रमोटरचा हिस्सा कमी असलेल्या समूह-कंपन्यांत नफा कमी उमटतो, आणि पैशाची ही गळती मुख्य धंद्याबाहेरच्या जमाखर्चात सापडते.

रामदासपेठ_ट्रेडर
त्याच अभ्यासात हेही आहे की शेअरच्या भावाला ही गळती काही प्रमाणात कळते. सत्यम ही आयटी कंपनी घ्या. १६ डिसेंबर २००८ ला संचालक मंडळानं प्रमोटर राजू कुटुंबाच्याच मायटासच्या दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. स्वतंत्र संचालकांचीही संमती होती. अमेरिकेत शेअर निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत सौदा मागे. मतदानाची वेळच आली नाही.

महाल_लेखापाल
सत्यमचंच पुढचं वाचा. अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीत रोकड आणि बँकशिल्लक मिळून ५,०४० कोटी फुगवलेले निघाले. इतकी वर्षं भावाला त्याचा पत्ता नव्हता. जे जाहीर होतं, त्याचीच किंमत बाजार लावतो. आयशर मोटर्समध्ये ऑगस्ट २०२१ ला व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा विशेष ठराव पडला, कारण बाजूनं ७५ टक्के मतं हवी होती आणि सुमारे २७ टक्के विरोधात गेली. मग कंपनीनं मोबदल्याला नफ्याच्या १.५ टक्क्यांची मर्यादा घालून ठराव पुन्हा आणला. शेअर न विकता अट बदलली ना!

रामदासपेठ_ट्रेडर
ती मतं मोठ्या फंडांची. दोनशे शेअरवाल्याचं काय? शिवाय सीगल आणि चौधरी यांनी २०१२ मध्ये हा प्रश्न पुन्हा तपासला. कंपन्यांच्या धंद्याच्या धोरणातला फरक हिशेबात घेतल्यावर गळतीचा निष्कर्ष टिकला नाही. समूहातली प्रत्येक कंपनी लुबाडतेच असं धरून चालणं अन्यायाचं आहे.

सीताबर्डीकर
सरसकट आरोप नको, हे मान्य. पण दोनशे शेअरचं वजन तुम्ही कमी धरताय. मोठा रिलेटेड पार्टी व्यवहार (प्रमोटर किंवा त्याच्या इतर कंपन्यांशी होणारा सौदा) मताला आला की संबंधितांना बाजूनं मत देता येत नाही. प्रमोटरचे ६० टक्के बाजूला गेले की निकाल उरलेल्या ४० पैकी जे मत देतील त्यांच्या हाती. ई-व्होटिंग किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. दिलेलं मत बदलता येत नाही, म्हणून नोटिशीसोबतचं स्पष्टीकरण आधी वाचा: दर कशावरून ठरला, मुदत किती, मूल्यांकन कोणाचं. डीमॅटला जुना ईमेल राहिला की नोटीसच हाती पडत नाही. मत तिथंच बुडतं.

महाल_लेखापाल
आणि वार्षिक अहवालातली रिलेटेड पार्टी टीप सोडू नका. समूह-कंपन्यांना दिलेली कर्जं आणि त्यांच्याकडून येणं विक्रीपेक्षा झपाट्यानं वाढत असेल, तर दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. हीच रक्कम पुढं कधीकधी 'अपवादात्मक बाबी'त बुडीत दाखवतात.

रामदासपेठ_ट्रेडर
ती टीप वाचून जो विकतो, तोच भाव खाली आणतो. माझं म्हणणं तेच आहे.