मदत हवी आहे: पंधरा वर्षांच्या 'एल्डर'ला मराठीत काय म्हणावे?

सप्रेम नमस्कार. दिवाळी अंकासाठी मी जोसेफ एफ. स्मिथ यांच्या हवाईतील दिवसांवर लेख लिहीत आहे. आईवडिलांचे छत्र हरपलेला हा मुलगा 1854 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक म्हणून हवाई बेटांवर गेला. प्रारंभी तापाने अंथरुणाला खिळलेल्या या पोराची एका हवाईयन बाईने आईच्या मायेने शुश्रूषा केली आणि पुढे अनेक वर्षांनी, तो पंथाचा अध्यक्ष होऊन होनोलुलूच्या धक्क्यावर उतरला तेव्हा, दृष्टी गेलेली तीच वृद्धा हातात चार केळी घेऊन 'इओसेपा, इओसेपा' (जोसेफचे हवाईयन रूप) अशी हाक मारीत त्याला शोधत आली. लेखाचा जीव या प्रसंगातच आहे.

माझी अडचण शब्दाची आहे. या पंथात मिसरूड न फुटलेल्या प्रचारकालाही 'एल्डर' म्हणतात. मराठी बायबलमधील 'वडील' हा प्रतिशब्द पोरक्या मुलाला लावताना हसू येते, आणि 'ज्येष्ठ' म्हटले की पेन्शनर डोळ्यांसमोर येतो! 'एल्डर' तसाच ठेवावा काय?

दुसरे असे की, ज्या अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1813 मध्ये मुंबईत मिशन सुरू केले, तिचेच प्रचारक 1820 मध्ये हवाईतही पोहोचले होते. तेव्हा याच मिशनच्या 'ज्ञानोदय' या मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकांत या बेटांविषयी, म्हणजे तेव्हाच्या 'सँडविच बेटां'विषयी, मजकूर कोणाच्या पाहण्यात आला असल्यास कृपया वर्ष व अंक कळवावा.