मदत हवी आहे: टायटॅनियमवरचा ॲपेटाइटचा थर टेपबरोबर निघून येतोय

बडोदे_धातुशाळा
नमस्कार मंडळी. एम.टेक.चं काम आहे: दात आणि हाडांच्या इम्प्लांटसाठी जैवसक्रिय थर, म्हणजे ॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचा). ग्रेड 5 टायटॅनियमचे 10 × 10 × 1 मिमी तुकडे मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) वायरकट करून, म्हणजे तारेच्या विद्युत ठिणगीने कापून आणले आणि ॲसिटोनने धुतले. काचेच्या बीकरमध्ये 5 मोलर कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) 60 अंशांना 24 तास ठेवले, नळाखाली धुऊन 600 अंशांना 1 तास तापवले. मग 36.5 अंशांच्या एसबीएफमध्ये, म्हणजे कृत्रिम शरीरद्रवात, 15 मिलि द्रवात आडवे ठेवले. तिसऱ्या दिवशी द्रव गढूळ. 14 दिवसांनी वरच्या बाजूला पांढरा थर, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) गोल गोळेही दिसतात, पण साधी सेलोटेप लावली की सगळं साफ. खालची बाजू कोरी. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट (पाण्याचे रेणू धरलेलं) होतं म्हणून कृतीतल्या 0.292 ला 1.325 ने गुणून लिटरला 0.387 ग्रॅम घेतलं. कुठे चुकतंय?

क्षारमोजणी
खालची बाजू कोरी आहे, यातच उत्तर आहे. तुमचा थर धातूवर उगवलेलाच नाही. द्रवात साका झाला आणि तो खाली बसला. एसईएममध्ये दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फसायला होतं. यापुढे तुकडा उभा ठेवा किंवा तपासायची बाजू खाली करा. तिथे आलं तेच खरं.

आता साका का झाला ते. एसबीएफची कृती देणारे संशोधक कोकुबो, त्यांच्या कृतीतला 0.292 हा आकडा 95 टक्के शुद्धतेच्या निर्जल क्षाराचा आहे. त्याला सरळ गुणलं की कॅल्शियम पाच टक्के जास्त जातं. डायहायड्रेट 0.368 ग्रॅम घ्या, म्हणजे 2.5 मिलिमोल होतं. एवढ्यानेच गढूळ होणार नाही, पण जोडीला चरे पडलेली काच आली की कण तिथूनच सुरू होतात. पॉलिप्रॉपिलीनची बाटली वापरा. क्षार एकेक करून, आधीचा पूर्ण विरघळल्यावरच टाका. कॅल्शियम ॲसिड घातल्यानंतरच. ट्रिस (पीएच सांभाळणारं बफर) चिमटीचिमटीने घाला. पीएच 36.5 अंशांनाच मोजायचा, 7.40 वर थांबायचं आणि वाटेत 7.45 ओलांडू द्यायचा नाही.

द्रवही कमी पडलाय. क्षेत्रफळ चौरस मिमीत काढा, दहाने भागा, तेवढे मिलि. तुमच्या तुकड्याचे कडांसकट 240 होतात, म्हणजे 24 मिलि हवेत. तयार द्रव वापरण्याआधी तुकड्याशिवाय दोन-तीन दिवस 36.5 ला ठेवून बघा. गढूळ झाला तर सरळ फेकून द्या, गाळून वापरू नका.

पृष्ठभाग
वरचं सगळं बरोबर, पण द्रव सुधारूनही खालची बाजू कोरीच राहील, कारण घोळ कॉस्टिकपासूनच आहे. त्या पायरीत धातूवर सोडियम टायटनेटचा जेलसारखा थर बनतो. शरीरद्रवात त्यातला सोडियम सुटतो, जागी टायटॅनियम-हायड्रॉक्सिल गट येतात, ते आधी कॅल्शियम आणि मग फॉस्फेट ओढतात. नळाचं पाणी, आजवा तलावाचं असो की मही नदीचं, कॅल्शियम घेऊनच येतं. ते सोडियमच्या जागी आधीच जाऊन बसलं की ही साखळी सुरूच होत नाही. गरम कॉस्टिक काचही खातं, तेव्हा काच इथेही नको. झाकणाचं पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनचं भांडं, 500 मिलि द्रावणाला 100 ग्रॅम उत्तम प्रतीचं कॉस्टिक, आणि धुवायला फक्त डिआयनाइज्ड पाणी. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं सोडा. पाणी चांगलंच तापतं, चष्मा घाला.

वायरकटचा तुकडा नुसता धुऊन भागत नाही. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेली कातडी वर असते, तिच्यात पितळी तारेतलं तांबं-जस्त मिसळलेलं असतं. दोन्ही बाजू आणि चारही कडा 400 ते 1200 नंबरच्या एमरीने घासा, मगच ॲसिटोन.

बडोदे_धातुशाळा
मनापासून आभार दोघांचे. कॉस्टिकनंतर 800 अंशांना तापवलं तर पकड वाढेल का? आणि एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन चाचणीत) फक्त टायटॅनियमचीच शिखरं येतात.

पृष्ठभाग
800 नको. थर घट्ट होतो, पण रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडचं एक स्फटिकरूप) वाढतं आणि ॲपेटाइट यायला फार वेळ लागतो. 600 च ठेवा, मिनिटाला 5 अंश चढ, आणि भट्टीतच थंड होऊ द्या.

एक्सआरडी 1 अंशाच्या तिरक्या किरणाने करून मागा. कॉपर ट्यूबवर 25.9 आणि 32 अंशांच्या आसपास रुंद, बसके उंचवटे दिसले तर ते ॲपेटाइट. द्रवातून काढलेला तुकडा ओव्हनमध्ये घालू नका. डिआयनाइज्ड पाण्यात हलकेच बुडवून डेसिकेटरमध्ये सुकवा. बारीक भेगा तरीही पडतील, सुकताना त्या पडतातच. टेप मात्र खालच्या बाजूलाच लावून बघा.